१२ जानेवारीच्या यादीत आमचे चौघे राहिले

१२ जानेवारीला इतिहासात काय काय घडलं, याची इथे सगळ्यांनी मिळून केलेली यादी छान जमली आहे. जिजाऊ (जन्म १५९८), स्वामी विवेकानंद (जन्म १८६३) आणि त्यांच्यामुळेच आलेला राष्ट्रीय युवा दिन. अमरीश पुरी २००५ साली याच दिवशी गेले, तेही कुणीतरी आठवणीने लिहिलंय. पण सोलापूरकर म्हणून एक भर घालतो, नाहीतर मला चैन पडणार नाही.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचं आमचं गाव पेटून उठलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, गोळीबार झाले, आणि १२ मेपासून इथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. नुसती गांधी टोपी घातली तरी धरत. चौकी प्रकरणाच्या खटल्यात या चौघांना गोवलं, असं इथे आजही पोटतिडकीने सांगतात. आणि नावं नीट वाचा हो: लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. सोलापूर म्हणजे हेच.

सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा याच दिवसांत असते, त्यामुळे गाव गजबजलेलं असतं. या चौघांचे पुतळे आहेत तिथे जायचं तर रिक्षावाल्याला ‘चार पुतळा’ म्हटलं की पुरे. लहानपणी वडील मला तिथे चप्पल काढायला लावायचे, आणि एकेक नाव माझ्याकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे.