कामाने आतून रिकामं झाल्याचे तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. मी ऑडिटमधली. एका सकाळी ऑफिसखाली गाडी लावली आणि पंचवीस मिनिटं तशीच बसून राहिले. इंजिन बंद, पट्टा लावलेला. उतरायचंय हे कळत होतं, पण हात काही पट्ट्याकडे जाईना. आठ दिवस रजा घेऊन नुसती झोपले, आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच.

मग वाचत सुटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे कामाने असं रिकामं होणं, आहे, पण आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. तीन खुणा सांगितल्यात: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. थकवा मला कळला होता. कडवटपणा मात्र मी स्वतःचा स्वभावच समजत होते.

कशाने फरक पडला, कशाने नाही, दोन्ही लिहा. 'सकारात्मक राहा' एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या.

अतिदक्षता विभागातली नर्स
मी पेशंटना नावाने हाक मारायची बंद झाले होते. 'चार नंबर', 'सात नंबर'. एका मुलीने विचारलं, "बाबा कसे आहेत?" आणि मी म्हटलं, "कितवा बेड?" तिचा चेहरा अजून आठवतो. घरी जाऊन रडले असते तर बरं झालं असतं. मी तर गाढ झोपले. आमच्या सिस्टरांनी ओळखलं. रात्रपाळी संपली की लगेच दिवसपाळी लावायची नाही, एवढाच बदल त्यांनी भांडून करून घेतला. दीड-दोन महिन्यांनी एका आजोबांना मी त्यांच्या नावाने उठवलं, तेव्हा माझं मलाच जाणवलं.

ऑन-कॉलवाला
कंपनीने ध्यानाचं अ‍ॅप दिलं. 'आता दीर्घ श्वास घ्या' ही सूचना आणि सर्व्हर पडल्याचा अलर्ट, दोन्ही एकाच वेळी वाजायचे. (हसू नका.) खिशात फोन नसतानाही मांडीला थरथर जाणवायची. शेवटी महिनाभराचे अलर्ट मोजले. निम्म्याहून जास्त असे, की त्यावर कुणी कधी काही केलंच नव्हतं. ते बंद केले. मला श्वासाने नाही, त्या यादीने झोप दिली.

डॉक्टर
एक सांगतो: सगळंच बर्नआउटवर ढकलू नका. मी वर्षभर तेच करत होतो, निघाला थायरॉइड. दुसऱ्याला पहिल्या भेटीत लिहून दिली असती ती रक्ततपासणी स्वतःची केली नव्हती. आणि कामापासून लांब असतानाही कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं, दाखवून घ्या.

शिक्षिका
मला काहीच जमलं नाही, हेही इथे असू द्या. रजा झाली, समुपदेशन झालं, वेळापत्रक तेच राहिलं. नोकरी सोडली. आता पगार कमी आहे, त्याची काळजी वाटते. पण परवा रविवारी संध्याकाळी पोटात गोळा आला नाही, आणि तो आला नाही हे मला सोमवारी दुपारी लक्षात आलं.