मदत हवी आहे: १९७० चा 'द आउट-ऑफ-टाउनर्स' सबटायटल्ससह कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. जॅक लेमन आणि सँडी डेनिसचा हा सिनेमा इंग्रजी सबटायटल्ससह कुठे मिळेल? शोधलं की १९९९ चा स्टीव्ह मार्टिनवालाच समोर येतो. तो नकोय, मूळचाच हवा. ओहायोतलं जोडपं नोकरीच्या मुलाखतीसाठी न्यूयॉर्कला निघतं. धुक्यामुळे विमान बॉस्टनला उतरतं, शहरात संप, हॉटेलची खोली हातची गेलेली, भर पावसात पायपीट आणि रात्र सेंट्रल पार्कात! लेमन तर जो नडेल त्याचं नाव टिपून ठेवतो, दावा ठोकायला.

बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, पण पडद्यावरची अक्षरं ते भराभर वाचतात. डीव्हीडीसुद्धा चालेल, प्लेअर आहे घरात. पुढच्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.