कायद्यातल्या 'तो'मध्ये 'ती' खरोखर येते का?

अनुस्वार

२०२३ या एकाच वर्षात संसदेने केलेल्या दोन कायद्यांतील सर्वनामांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. ऑगस्टमधील डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या इंग्रजी पाठात व्यक्तीसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे आणि त्यात कोणत्याही लिंगाची व्यक्ती येते, असे व्याख्येतच सांगितले आहे. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र १८६० च्या दंड संहितेतील पुल्लिंगी सर्वनाम तसेच ठेवले. 'पुरुष असो वा स्त्री' या जुन्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्तींची भर तेवढी घातली. पहिला कायदा वाचताना जे पुरुष क्षणभर अडखळले असतील, त्यांना स्त्रिया दीडशे वर्षे काय वाचत आल्या आहेत याची थोडी कल्पना आली असेल.

यावर नेहमीचे उत्तर असे की, कायद्यांतील शब्दांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम १३ प्रमाणे पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो, आणि आपल्या राज्याच्या १९०४ च्या अधिनियमातही तोच नियम आहे. परंतु विषयात किंवा संदर्भात त्याला विरोधी असे काही नसेल तरच तो नियम लागू होतो, आणि संदर्भ काय हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. त्याआधीच्या, १८६८ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही हाच नियम होता. तरीही १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना वकिलीची सनद नाकारली आणि १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. सनदेसाठी त्यांनाही कित्येक वर्षे थांबावे लागले. समावेशाचा नियम पुस्तकात होता आणि स्त्रिया न्यायालयाच्या दाराबाहेर होत्या. म्हणून निदान मराठीतून यापुढे होणारे कायदे तरी असे लिहावेत की या नियमाचा आधार घेण्याची वेळच येऊ नये, असे माझे मत आहे.

विधिलेखक

विधी अनुवादाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून लिहितो. आपण दिलेले उदाहरण आपल्याच मताच्या विरुद्ध जाते. रेजिना गुहा यांचा अर्ज १८७९ च्या ज्या कायद्याखाली होता, त्यात वकील होण्यास योग्य 'व्यक्तीं'चाच उल्लेख होता. लिंगनिरपेक्ष शब्द असूनही त्या हरल्या. अडचण शब्दाची नव्हती, न्यायाधीशांच्या मनात वकील म्हणून जी आकृती होती तिची होती. आणि ती दूर झाली ती १९२३ साली केवळ स्त्रियांसाठी, स्पष्ट शब्दांत केलेल्या कायद्याने.

उलट, समावेशाचा नियम आजही काम करतो. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबतच्या २०१२ च्या कायद्यात कलम ३ मध्ये आधी 'व्यक्ती' आणि पुढे पुल्लिंगी सर्वनाम आहे. आरोपी स्त्री असू शकते का, असा प्रश्न आला तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दंड संहितेतील सर्वनामाच्या व्याख्येचा आधार घेऊन 'होय' असे उत्तर दिले.

आता मराठीचे पाहू. 'तो' नको म्हणून 'त्यांनी' लिहिले, तर एकाने केलेले कृत्य की अनेकांनी मिळून केलेले, हा घोळ उभा राहतो, आणि शिक्षेच्या कलमात असा घोळ परवडत नाही.

अनुस्वार

'व्यक्ती' या शब्दाबाबतचा आपला आक्षेप मी मान्य करते. केवळ शब्द बदलून १९१६ चा निकाल बदलला नसता. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. सनद मागणारी स्त्री शब्दात बसली नाही आणि आरोपी स्त्री बसली. इंग्लंडमध्येही १८५० पासून असाच नियम होता, तरीही १८६८ मध्ये मँचेस्टरच्या स्त्रियांनी मतदार यादीत नाव मागितले तेव्हा कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात त्या येत नाहीत असे न्यायालयाने ठरवले. जो समावेश दर वेळी कोणीतरी न्यायालयात जाऊन सिद्ध करून घ्यावा लागतो, त्यावर समाधान मानणे मला जमत नाही.

'त्यांनी'चा घोळ खरा आहे, पण आपल्या भाषेत इतर वाटा आहेत. भविष्यकाळात 'करील', 'देईल' ही रूपे स्त्री-पुरुषांना सारखीच लागतात, आणि कायद्याची भाषा बहुतांशी भविष्यकाळातच असते. 'आरोपी मरण पावला तर' याऐवजी 'आरोपीचा मृत्यू झाल्यास' लिहिता येते. 'परवानाधारकाने तीस दिवसांत त्याचे म्हणणे मांडले नाही, तर त्याचा परवाना रद्द करता येईल' या वाक्यात 'आपले म्हणणे' आणि 'तो परवाना' असे लिहिले की लिंगही जाते आणि 'त्याचे म्हणजे कोणाचे' हा संशयही जातो.

रानजाई

दोघांनाही एक विनंती आहे. सर्वनामांची ही साफसफाई करताना, जिथे लिंग हाच कायद्याचा आशय आहे तिथे हात लावू नये. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात बलात्काराच्या गुन्ह्याऐवजी लिंगनिरपेक्ष 'लैंगिक अत्याचार' आला होता. स्त्री संघटनांनी त्याला विरोध केला आणि नंतरच्या अधिनियमात आरोपी 'पुरुष' हाच शब्द परत आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तो आहे. तेथील 'पुरुष' हा सवयीने पडलेला शब्द नव्हे, तो विचारपूर्वक घातलेला आहे. पुरुष आणि तृतीयपंथी पीडितांसाठी स्वतंत्र तरतूद हवीच, परंतु ती संसदेने चर्चा करून करावी, मसुद्याच्या नियमातून गुपचूप होऊ नये.

अनुस्वार

पूर्ण सहमत. माझा आग्रह फक्त जिथे दोघेही अभिप्रेत आहेत तिथपुरता आहे.

मोहर

मी वकील नाही. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतींत स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आहे आणि माझी आई त्यातूनच सरपंच झाली. तिच्याकडे येणाऱ्या छापील नमुन्यांवर 'श्री.' असे आणि खाली 'त्याची सही' असे असायचे. ती प्रत्येक कागदावर 'श्री.'पुढे 'मती' जोडायची आणि 'त्याची' खोडून 'तिची' लिहायची. एका कार्यालयाने खाडाखोड आहे म्हणून तिचा एक कागद परत पाठवला होता. कलम १३ तिला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी तो कागद परत आलाच असता.

विधिलेखक

नमुन्यांबाबत मला काहीही बचाव करायचा नाही. ते केवळ शासकीय आदेशाने बदलता येतात आणि बदलायलाच हवेत. 'आपले' वापरण्याची सूचनाही चांगली आहे, पण ती वाक्याचा कर्ता एकच असेल तिथपर्यंतच पुरते. 'मालकाने भाडेकरूला नोटीस दिल्यानंतर त्याने जागा सोडली नाही तर' या वाक्यात 'आपली जागा' म्हटले, तर जागा मालकाची की भाडेकरूची हाच वाद न्यायालयात जाईल.

अनुस्वार

तिथे 'भाडेकरूने जागा सोडली नाही तर' असे नाम पुन्हा लिहावे. वाक्य एका शब्दाने लांबेल. मूळ वाक्यातला 'त्याने'सुद्धा व्याकरणाने मालकाकडे जाऊ शकतो, हे आपणही नाकारणार नाही.

विधिलेखक

नाकारत नाही. मात्र शंभर कलमांच्या कायद्यात एका कलमात नाम आणि दुसऱ्यात सर्वनाम असे झाले, तर हा फरक मुद्दाम केला आहे असा युक्तिवाद होणारच. म्हणून नव्या कायद्यांसाठी मी आपल्या बाजूने आहे. जुन्या कायद्यात कलमागणिक दुरुस्ती करून दोन पद्धती एकत्र करण्याला माझा विरोध कायम आहे.