सांगताना आपण जो भाग गाळतो

गणपतीच्या सुट्टीत आमच्या वाडीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ झालं आणि मग दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सांगितलं ते असं: २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार धड चालत नव्हता, दलाल फोन उचलेना, आंबा आढीत पिकत चालला होता. तेव्हा स्वतः टेम्पो केला, करूळ घाट चढून पुण्याला पेट्या नेल्या, दारोदार विकल्या. आज दलालाशिवाय धंदा करतो. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "दादाचं नाव नाही घेतलंत ते?"

दादा म्हणजे तिचा भाऊ. पुण्यात तीनशे बिऱ्हाडांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पहिल्या खेपेच्या दीडशे पेट्या त्याने व्हॉट्सॲपवर एका रात्रीत खपवल्या होत्या. मी ज्याला दारोदार म्हणालो ते सगळं एकाच गेटाच्या आत होतं. आणि अठरा वर्षांपूर्वी पत्रिका जुळत नाही म्हणून हे स्थळ आमच्या घरी जवळजवळ मोडलंच होतं. भटजींनी दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा जुळली. (दक्षिणा दोन्ही वेळेस घेतली.)

कष्ट खोटे नव्हते. टेम्पोत मागे पेट्यांना टेकून झोपलेलो आहे. पण भाषणात मेव्हणा आलाच नाही, आणि मी मुद्दाम गाळला असंही नाही. आपोआप गळला. त्याचं मला जास्त वाटलं.

म्हणून हा धागा. तुमच्या यशाची किंवा अपयशाची गोष्ट सांगताना तुम्ही कुठला भाग गाळता, तो लिहा. 'असेल माझा हरी' आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' दोन्ही सगळ्यांना पाठ आहेत, ते नको. तारीख, जागा, रक्कम आठवत असेल तर बरं.

मालवणहून, मासेमारी

नोव्हेंबर २००९. आमची बोट ८ तारखेला निघायची होती. गिअरबॉक्स गेला. मेकॅनिक रत्नागिरीहून यायचा, तो येईना. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं, खलाशांना उचल दिलेली. मी बंदरात बसून त्या मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धरत होतो.

११ तारखेला फयान वादळ आलं.

आमच्या शेजारी लागणारी एक बोट परत आली नाही. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्यापेक्षा जाणता. वारा बदलला की आमच्याआधी त्याला कळायचं, जाळं त्याच्यासारखं कोणी शिवायचं नाही. जे मला येत होतं ते सगळं त्याला माझ्याआधी येत होतं.

नशिबाची गोष्ट म्हणून लोक २०२१ ची मुरब्याची बोट सांगतात. पालघरकडची. एका फेरीत दीडशेच्या वर घोळी मासे, लिलाव सव्वा कोटीच्या पुढे. घोळीच्या बोताला, म्हणजे तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्यासारखा भाव असतो, त्यामुळे ती गोष्ट दर बंदरात सांगतात. सांगू देत. मला बंदरातले ते तीन दिवस आठवतात.

मेकॅनिक १३ तारखेला आला. मजुरीत मी घासाघीस केली नाही.

श्रीवर्धनहून

सासऱ्यांनी लावलेली सुपारीची वाडी, दहा गुंठे. तीस वर्षं मी शिंपली. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आलं. संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा दोनशे दहा पोफळींपैकी सव्वीस उभ्या होत्या. घरातून कधी समुद्र दिसला नव्हता, त्या दिवशी दिसला.

पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.

मदत आधी हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. हेक्टर घाटावर असतात, आमच्याकडे गुंठे. दहा गुंठ्यांचे पाच हजार. पडलेली झाडं कापून वाडीबाहेर काढायलाच त्याच्या कितीतरी पट गेले.

आता गाळलेला भाग. शेजारणीची वाडी टेकडीच्या आडोशाला आहे. तिच्या तीस-पस्तीसच पडल्या. ती माझ्याइतकीच राबते, खरं म्हणजे थोडी कमीच. नंतर एका वर्तमानपत्राचा माणूस आला आणि तिने वाडी कशी 'जपली' ते छापून आलं, फोटोसकट. त्या वर्षी मी तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला. पुढच्या वर्षी रोपं तिनेच दिली मला, तिच्या वाडीतली, पैसे न घेता.

लांज्याहून

एमपीएससी. एका वर्षी एका गुणाने राहिलो, पुढच्या वर्षी दोन गुणांनी लागलो. वह्या त्याच. दुसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षेत तीन प्रश्न निव्वळ अंदाजाने ठोकले होते, तिन्ही बरोबर निघाले. पहिल्या वर्षी गावात मी 'पोरगं वाया गेलं' होतो, नंतर 'जिद्दी'. आता दहावीच्या मुलांसमोर मार्गदर्शन करायला बोलावतात. ते तीन प्रश्न तिथे सांगत नाही.

चिपळूणहून, कापडाचं दुकान

माझी गोष्ट उलटी आहे. मी काहीच गाळत नाही, लोकच ऐकून घेत नाहीत.

२६ जुलै २००५ ला दुकानात पाणी आलं ते जिथवर आलं तिथे मी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. त्या रेघेच्या दीड फूट वर लोखंडी माळा करून घेतला. सोळा वर्षं दर पावसाळ्याच्या तोंडावर गठ्ठे वर चढवले आणि दसऱ्याला खाली उतरवले. शेजारचा हसायचा. तो माल खालीच ठेवायचा.

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी नदी बाजारात शिरली आणि रेघ, दीड फूट, माळा, सगळ्याच्या वर गेली. माझा एकूण एक तागा वर होता, एकूण एक भिजला. शेजाऱ्याकडे थकलेल्या उधारीमुळे व्यापाऱ्याने त्या मोसमाचा माल पाठवलाच नव्हता. दुकान अर्धं रिकामं, नुकसान अर्धं! चिखल काढताना तो मला म्हणाला, "बघ, मी कसा विचार करून माल कमी ठेवला होता." तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

आता पहिल्या मजल्यावर खोली भाड्याने घेतली आहे. नवी रेघही ओढली आहे.

कणकवलीच्या अलीकडून

वडिलांची खानावळ महामार्गाला लागून होती, कोंबडी-वडे खायला ट्रकवाले मुद्दाम थांबायचे. चौपदरी रस्ता गावाबाहेरून गेला. वड्यांचं पीठ तेच आहे. ज्याच्या पडीक कातळातून रस्ता गेला त्याने मोबदल्यातून लॉज बांधलं आणि त्याला तालुक्याचा उद्योजक पुरस्कार मिळाला. हार मीच घातला. माणूस चांगला आहे, काय बोलणार.

देवगडहून, बागायतदार

सगळा वाचलंय. नशीब नशीब काय लावल्यात? १९९० सालात रोजगार हमीतून फळबाग योजना इली, तेव्हा वाडीतले लोक माका हसले. कातळार कलमा जगतली? मी सुरुंग लावन खड्डे मारलंय, खालच्या शेतातली माती डोक्यार आणून भरलंय, दोन उन्हाळे कावडीन पाणी घातलंय. दोनशे कलमांतली एकशे ऐंशी जगली. थ्रिप्स किडीन मोहोर खाल्ल्यान त्या वर्षीय फवारणी सोडलंय नाय. दर वर्षी देवाक गाऱ्हाणा घालतंय, पण देव पंप घेऊन बागेत येवचो नाय.

राजापूरहून

काका, रागावू नका. आमच्याकडेही कातळच आहे. माझे बाबा १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत. हाताला काम नव्हतं आणि अंगात ताकद होती. तुम्ही म्हणता त्याच योजनेचा अर्ज त्यांनीही आणला होता.

आमच्या सातबाऱ्यावर चौतीस नावं. एकवीस जण मुंबईत, एक बडोद्याला, दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. बाबा एसटीने मुंबईला जाऊन चाळीचाळींतून सह्या गोळा करत फिरले. बत्तीस झाल्या. ते कागद अजून ट्रंकेत आहेत. जमीन तशीच पडून आहे, उन्हाळ्यात वणवा लागतो तेवढाच.

तुमच्या सातबाऱ्यावर तेव्हा किती नावं होती?

देवगडहून, बागायतदार

एकच. बापाशीक भाऊ नाय होतो.

पण सुरुंग मियाच लावलंय.