म्हातारीचा बूट: नाशिकहून दोन लहान मुलांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

सिडकोची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अडीचचा. सासऱ्यांनी मध्ये जुना अल्बम काढला, त्यात त्यांचा मुंबईतल्या बागेतल्या म्हातारीच्या बुटासमोरचा हाफ पँटमधला फोटो निघाला. त्या दिवसापासून लेकीने ध्यास घेतलाय. रोज झोपताना विचारते, म्हातारी आत असते का, ती झोपते कुठे, तिच्या पोरांना जेवायला कोण वाढतं.
नाशिकहून एका दिवसात जाऊन येणं जमतं का? अडीच वर्षांचा रमेल का? की आपल्याकडेच आधी असं काही दाखवावं? अलीकडे मुलांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.

गिरगावची_लेक
माझं माहेर गिरगाव, आता सासर गंगापूर रोडला, त्यामुळे या बुटाशी जुनं नातं आहे. बूट मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात आहे. १९५२ सालचं हे उद्यान, मुंबई महापालिकेचं, प्रवेशाला पैसे नाहीत. खूप पोरं असलेल्या आणि बुटात राहणाऱ्या म्हातारीचं इंग्रजी बडबडगीत आहे, त्यावरून तो बांधला. जाण्याआधी ती गोष्ट मुलीला तुमच्या शब्दांत सांगून ठेवा. गोष्ट माहीत असेल तर तो बूट घर होतो, नाहीतर सिमेंटची एक मोठी वस्तू राहते.
एक मनापासून सांगते. बूट आतून छोटा आहे. चढायचं, खिडकीतून डोकावायचं, उतरायचं, पाच मिनिटांत संपतं. मोठी माणसं निराश होतात ती इथेच. मुलं मात्र लगेच पुन्हा रांगेत उभी राहतात. त्यांना दहा वेळा जाऊ द्या, घाई करू नका. आत मोठ्यांना सोडत नाहीत, तेव्हा धाकट्याला एकटं पाठवायचं की नाही ते तिथे गर्दी बघून ठरवा. माझा भाचा तीन वर्षांचा असताना आत अर्ध्यावर घाबरून बसला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी ताईने हाताला धरून आणला.
समोरच रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. १८८१ साली पाण्याच्या टाक्यांच्या वर केलेली बाग आहे ती. तिथे झुडपं कापून प्राणी केलेत. अडीच वर्षांच्या मुलाला बुटापेक्षा तेच जास्त आवडतील.

पंचवटीचा_पासधारक
जाऊन-येऊन एका दिवसात होतं, पण मुलांचे हाल होतात. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, तिथून टॅक्सी. काहीही केलं तरी बागेत पोहोचायला साडेअकरा वाजतात. डोक्यावर ऊन, पोरं सकाळपासून उठलेली. परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला, म्हणजे घरी यायला दहा. कुणी नातेवाईक असेल तर एक रात्र राहा आणि सकाळी सात-आठला बाग गाठा.
आरक्षण आधी करा, आणि पासधारकांच्या डब्यात चढू नका, लेकरांना घेऊन उभं राहावं लागेल. परतीला मुलीला कसाऱ्यापर्यंत जागी ठेवा. तिथे गाडीला मागून जादा इंजिन लागतं, कारण पुढे घाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. मग बोगदे सुरू होतात. माझ्या पोराला मुंबईतलं काही आठवत नाही, बोगदे मोजलेले आठवतात.

इंदिरानगरचा_बाबा
ताई, बूट जरूर दाखवा, पण त्याआधी एक रविवार इथे काढून बघा. मुंबई नाक्याजवळ तिडके कॉलनीत मुलांचं ट्रॅफिक पार्क आहे. छोटे रस्ते, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग. शाळांच्या सहली असतात, म्हणून आधी चौकशी करून जा. दुसरं, पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आणि शेजारी नेहरू वनोद्यान. लेणी चढू नका हो, धाकट्याला कडेवर घेऊन त्या पायऱ्या म्हणजे पाठीची वाट.
खरं सांगायचं तर यातलं काहीच बुटासारखं नाही. ज्या गोष्टीत मूल शिरू शकतं, राहिल्याचं खेळू शकतं, असं एकही घर आपल्या शहरातल्या बागेत मला सापडलं नाही. सगळीकडे तीच घसरगुंडी, तोच झोपाळा. सिंहस्थाचं शहर, गोदावरी, पंचवटी, तपोवन... एवढ्या गोष्टी या मातीत, आणि मुलांसाठी सीतेची पर्णकुटी करावी असं कुणाला वाटू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

गिरगावची_लेक
बाबा, अगदी माझ्या मनातलं बोललात.
आणखी एक, उद्यानामागे सिरी रोडवर झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग २०२५ला सुरू झालाय. २५ रुपये तिकीट, ऑनलाइन आधी बुकिंग करावं लागतं. मोठीला आवडेल. पण बूट आणि हा मार्ग एकाच सकाळी नको, माझं तरी मत.

सिडकोची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीत जाऊन आलो, म्हणून लिहितेय. दादरला मावशीकडे राहिलो, आठच्या आत बागेत. उन्नत मार्ग सोडून दिला, बरं केलं.
लेकीने घरून फ्रॉकच्या खिशात राजगिऱ्याचा लाडू आणला होता, म्हातारीसाठी. मला पत्ताच नव्हता. आत गेली, खिडकीतून हात हलवला, खाली आली, परत गेली. मी मोजत होते, नऊ वेळा. धाकटा बुटाकडे बघायलाही तयार नव्हता, तो पायवाटेवरच्या मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवा बसून राहिला. हँगिंग गार्डनमध्ये मात्र झुडपाच्या हत्तीला घट्ट मिठी मारायला निघाला होता.
नवव्यांदा उतरली तेव्हा खिसा रिकामा. म्हटलं, लाडू कुठे? म्हणाली, म्हातारी बाजारात गेलीये. आत एक मुलगा रडत होता, त्याला दिला. तो तिचाच असेल.