डिपस्टिकवर ऑइल वाढत चालले आहे. इंजिनात नेमके काय शिरत आहे हे कसे ओळखावे?

केळीची गाडी (रावेर):
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची, कॉमन-रेल इंजिनाची बीएस-६ मालगाडी आहे. रावेर-सावदा पट्ट्यातील केळी भरून ती बऱ्हाणपूरमार्गे उत्तरेकडे जाते. मागच्या वेळी ऑइल बदलले तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली होती. मध्ये एक थेंबही टाकलेला नसताना आता ती खुणेच्या बोटभर वर गेली आहे. रेडिएटरचे पाणी कमी होत नाही आणि ऑइलला पांढुरकेपणाही आलेला नाही. इथल्या एका गॅरेजमध्ये मला जास्तीचे ऑइल काढून गाडी चालवायला सांगण्यात आले, पण ते मनाला पटत नाही. काढणीचा हंगाम ऐन भरात आहे, तरीही खात्री होईपर्यंत गाडी भरायची नाही असे ठरवले आहे. तपासणीला सुरुवात कुठून करावी?

जुना फिटर (धुळे):
गाडी उभी ठेवलीत हे फार चांगले केलेत, भाऊ. इंजिन ऑइल खाते तेव्हा मालक लगेच घाबरतो, पण ऑइल वाढणे हे त्याहून गंभीर लक्षण आहे. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात) आलेले डिझेल ऑइलला पातळ करते, आणि पातळ ऑइल क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर भार पेलणारा थर टिकवू शकत नाही. पातळी फारच वाढली तर क्रँक ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, दाब कोसळतो, आणि ब्रीदरवाटे (चेंबरमधील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) ते ऑइल हवेच्या मार्गात गेले तर इंजिन तेच जाळून आपोआप वेग घेऊ लागते. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही.

आधी मोजमाप नीट करा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटे थांबून पातळी पाहा. त्यानंतर आत काय आले असेल याच्या तीनच शक्यता उरतात: पाणी, डिझेल किंवा स्टिअरिंगचे तेल. तिसरी लवकर निकाली निघते. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या गिअरवर चालत असेल आणि त्याचे सील गेले असेल, तर स्टिअरिंगच्या डबीतील तेल कमी होत जाते.

पाण्याबाबत मात्र केवळ रंगावर विसंबू नका. तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ होऊन जाते, त्यामुळे ऑइल काळेच दिसते. ऑइल कूलर फुटला असेल तर चालू इंजिनात ऑइलचा दाब जास्त असल्याने ऑइल पाण्यात जाते. इंजिन बंद झाल्यावर रेडिएटरमध्ये उरलेला दाब पाण्याला ऑइलकडे ढकलतो. म्हणून रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आहे का तेही पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट अगदी हळू सैल करा. मोकळे पाणी तळाशी बसलेले असेल तर ते आधी बाहेर येते. डिझेल ऑइलमध्ये पूर्ण मिसळते, त्यामुळे ते असे वेगळे होत नाही. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरील, पाणी अडवणाऱ्या रबर रिंगांचा संशय असेल तर चेंबर उतरवून, रेडिएटरला हातपंपाने टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा द्यावी आणि कोणत्या लायनरखाली थेंब जमतो ते शांतपणे पाहावे.

महामार्ग ५३ (भुसावळ):
तुमच्या वर्णनावरून मला डिझेलचाच संशय येतो. ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून तो काही तास तसाच ठेवा. मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे दूरवर पसरले तर डिझेल असण्याची शक्यता मोठी आहे. ही घरगुती चाचणी पुरेशी वाटली नाही तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन दाटपणा आणि पेट घेण्याचे तापमान तपासून घ्यावे. डिझेल मिसळले की दोन्ही घटतात.

बीएस-६ गाडीत आणखी एक कारण असते. डीपीएफमध्ये (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीत) साठलेली काजळी जाळण्यासाठी पुष्कळ इंजिनांत नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उशिरा जादा डिझेल सोडते, आणि त्यातले थोडे लायनरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या खाली उतरते. जाळण्याचे हे काम, म्हणजे रिजनरेशन, अर्ध्यावर तुटले तर ते पुन्हा पुन्हा सुरू होते आणि दर वेळी चेंबरमध्ये भर पडते. केळी भरताना गाडी या मळ्यातून त्या मळ्यात थोडे थोडे अंतर जाते आणि मध्ये बंद होते, म्हणून ही शक्यता तुमच्या बाबतीत विशेष तपासण्यासारखी आहे. काही इंजिनांत हे डिझेल वेगळ्या नोझलने थेट सायलेन्सरच्या नळीत सोडतात. तिथे हे कारण लागू होत नाही.

जुना फिटर (धुळे):
वरील मुद्दा योग्य आहे, पण सगळा दोष डीपीएफवर टाकून थांबू नका. तो वारंवार का भरतो हेही विचारावे लागेल. ठिबकणारे नोझल धूर वाढवते, त्या धुराने डीपीएफ भरतो, आणि तेच नोझल लायनरवरचे ऑइलही धुऊन काढते. स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचे डिझेल-समायोजन (इंजिनाचा संगणक त्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करतो ते) पाहा. टॅपेट कव्हर (इंजिनावरचे झाकण) काढून, इंजिन थोडा वेळ मंद चालवून एखाद्या नोझलभोवतीचे ऑइल धुतल्यासारखे स्वच्छ झाले आहे का तेही पाहा. तसे असेल तर नोझलची ओ-रिंग किंवा परतीचा जोड गळतो आहे. तेही कोरडे असेल तर हाय-प्रेशर पंपाचे शाफ्ट-सील तपासा, कारण तिथून गळलेले डिझेल बाहेर न दिसता सरळ गिअरकेसमध्ये आणि तिथून चेंबरमध्ये उतरते.

केळीची गाडी (रावेर):
आपणा दोघांचे मनापासून आभार. स्टिअरिंगची डबी पूर्ण भरलेली आहे, सकाळी नटातून पाणी आले नाही आणि टिपकागदावर फिकट कडे स्पष्ट उमटले. टॅपेट कव्हरखाली गळती नव्हती. स्कॅनरवर अर्धवट तुटलेल्या रिजनरेशनची नोंद होतीच, शिवाय तिसऱ्या सिलिंडरचे समायोजन इतरांपेक्षा बरेच वेगळे होते. ते नोझल जळगावला तपासून घेतले असता दाब धरत नसल्याचे आढळले. ते बदलून ऑइल आणि फिल्टरही नवे घातले आहेत. आता बेअरिंग उघडून पाहणे आवश्यक आहे का?

जुना फिटर (धुळे):
लगेच चेंबर उतरवू नका. काढलेला ऑइल फिल्टर फेकला नसेल तर तो कापून त्याचा कागद उजेडात पसरून पाहा. रुपेरी कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर झिजू लागला आहे असे समजा. तांबूस चमक दिसली तर चेंबर उतरवल्याशिवाय गाडी भरू नका. कागद स्वच्छ असेल तर इंजिन पूर्ण तापल्यावर मंद गतीवरचा ऑइलचा दाब मीटर लावून मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. शिवाय यापुढे रिजनरेशनचा दिवा लागला की ते काम पूर्ण होईपर्यंत ड्रायव्हरने इंजिन बंद करू नये, एवढी सूचना त्याला आजच द्या.