'क्लायंट'ला काय म्हणावं? आणि 'फीडबॅक'ला?

निरगुडी : समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी एका पानाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. पद्धत साधी आहे. भेटीच्या सुरुवातीला चार रेघा, प्रत्येक १० सेंटिमीटरची : स्वतः कसे आहात, घरच्यांशी कसं चाललंय, काम आणि मित्रमंडळी, आणि एकूण. वाटेल तिथे खूण करायची, मग पट्टीने मोजून ४० पैकी बेरीज. निघताना आणखी चार रेघा, या आमच्याबद्दल : ऐकून घेतलं का, तुम्हाला हवं त्यावर बोललो का. अडलंय पहिल्याच वाक्यात, 'क्लायंटचा फीडबॅक आणि आउटकम'. मी लिहिलं, 'सल्लार्थीचे प्रत्याभरण व निष्पत्ती'. सहकारी म्हणाली, हे वाचून माणूस दारातूनच परत जाईल.

दौतटाक : प्रत्याभरण! आभरण म्हणजे दागिना. मग हा काय, मोडीत परत केलेला दागिना?

शब्दवेल्हाळ : हसण्याआधी फोड करून पाहा. भरण म्हणजे पोसणं, 'भरणपोषण'मधलं. फीडचं अगदी शब्दशः. आणि महापौर, दिनांक यांनाही लोक हसलेच होते.

पाचवा मैल : रिक्षावालाही फीडबॅक म्हणतो. तोच ठेवा. फक्त त्या फॉर्मचं इंग्रजी नाव, 'आउटकम रेटिंग स्केल', लघुरूपात छापू नका. 'ओआरएस भरून द्या' म्हटलं तर लोक जुलाबावरची पुडी समजतील.

मोडीवाला : क्लायंटला अशील म्हणा की. आपला शब्द आहे.

दौतटाक : 'आपला'? अरबी आहे, असील. 'अस्सल' त्याच मुळातला.

मोडीवाला : तीनशे वर्षं घरात राहिला तरी पाहुणाच का?

निरगुडी : भांडू नका. अशील म्हटलं की कोर्ट आठवतं. शिवाय केंद्रात सफाईला येणाऱ्या मावशींना कच्चा मजकूर दाखवला, तर त्यांनी तो 'अ-शील' वाचला. म्हणाल्या, "बाई, आधीच माणूस मेटाकुटीला आलेला, त्यात हे!" 'रुग्ण' मला नकोय, येणारे सगळे आजारी नसतात.

गोदाकाठ : आउटकमला आमची आजी एकच शब्द वापरायची. गुण. "गुण आला का?" तीन दिवसांत नाही आला तर वैद्य बदल.

निरगुडी : काय सुंदर! पण पानावर ४० पैकी गुणही आहेत. 'गुण आला का ते गुणांवरून कळेल'? परीक्षेचा वास आला की लोक आम्हाला पैकीच्या पैकी देऊन टाकतात. "सगळं छान, मॅडम." त्यातून आम्हाला काय कळणार? कमी दिले तर निदान विचारता येतं, कुठे चुकलं.

मनकवडी : गुणावरून आठवलं, हातगुण. आमच्या पेशात प्रत्येकाला वाटतं तो आपल्याला आहे. अमेरिकेत मानसोपचाराचे संशोधक लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. ५५० क्लायंटांपैकी कुणाचं बिघडेल, हे थेरपिस्टांनाच विचारलं. त्यांनी तिघं सांगितले. बिघडलं ४० जणांचं, आणि त्या तिघांतला एकच बरोबर निघाला. तेव्हा रेघा काढाच. नाव काहीही द्या.

शब्दवेल्हाळ : म्हणजे तुम्हीही 'क्लायंटांपैकी'च लिहिलंत.

मनकवडी : लिहिलं. रोज तोंडात तेच असतं.

गोदाकाठ : हातगुण डॉक्टरला असतो का? आमच्याकडे डॉक्टरच्या 'हाताला यश' असतं. हातगुण भाजी लावणाऱ्याला.

मोडीवाला : चूक. सुईणीला हातगुण म्हणताना मी स्वतः ऐकलंय, आणि तेही साताऱ्यात.

दौतटाक : आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला चव. तिथे गुण का नाही, हा खरा प्रश्न.

निरगुडी : पत्रक उद्या छापायला जातंय. 'सल्लार्थी' ठेवू की काढू?

गोदाकाठ : सातारकरांनी चवीचं सांगावंच, पण लोणचं घालणाऱ्याला आमच्याकडे 'हात लागतो' म्हणतात…